अंगवळणी

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमचे उजवे हात
झोळीत बांधून टाकले आणि सांगितलं,
जा, दिवस काढून या.
लोणी लावताना पाव ताटलीभर पळत राहिला.
केस मोकळेच राहिले.
संडासातलं मी वहीत लिहिलं नाही.
वहीत फक्त : दिवस लांब होता.
तेही डाव्या हातानं,
पहिलीतल्या पोराच्या अक्षरात.

हंटलीजवळ, शेतावर, काका विचारतात,
व्यवसायोपचार म्हणजे लोकांना धंद्याला लावणार का गं?
मी सांगते, व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते.
मोजे घालणं. कुलूप लावणं. कुत्र्याला हाक मारून आत घेणं.
मग त्यात शिकायचं काय, चार वर्षं?
विचारता विचारता ते मेंढी आडवी पाडतात,
कात्री चालते,
आणि त्यांचा डावा गुडघा, कुणी न सांगता,
तिच्या खांद्याखाली सरकतो.
हेच, काका.
पण हे मी तेव्हा बोलले नाही,
मला नंतर अ‍ॅबर्डीनच्या बसमध्ये सुचलं,
मनगटाची आठ हाडं पाठ करताना.
(सातच आठवत होती.)

दुसऱ्या वर्षी वॉर्ड.
इझोबेल लीपर, वय एकाहत्तर, राहणार टॉरी,
अडतीस वर्षं बंदरावर मासे कापले.
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
मी तिला सरावाच्या स्वयंपाकघरात नेलं.
किटली, कप, दूध, माझ्या हातात फॉर्म,
चहाच्या अकरा पायऱ्या, अकरा चौकोन.

ती किटलीकडे बघत बसली.
म्हणाली, पोरी, चहा मी कधी केलाच नाही.
जॉर्ज करायचा. मी पहाटे चारला घराबाहेर.
आणि तो गेल्यावर?
शेजारच्या नोराकडे पिते.
अकरा चौकोनांत
नोराला जागा नव्हती.

शोना, माझी पर्यवेक्षक, फॉर्म बघून हसली नाही.
मग तिला काय करायचंय, एवढंच विचारलं.
मी विचारलं नव्हतं.

एका सुरीसाठी धोक्याचे दोन कागद भरावे लागतात.
गुरुवारी मी एक हॅडक आणला,
खिळे ठोकलेली फळी आणली, मासा रुतवायला,
खाली न घसरणारी चटई.
इझोबेल म्हणाली, मेलाय तो, कुठं पळतोय?
पण डाव्या हातात सुरी पाहुणीसारखी अवघडली.
काट्याला अर्धं मांस तसंच राहिलं.
ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.
खिडकीत समुद्रावरचं धुकं, दुसरं काही नाही.
याच्यासाठी मला कामावरून काढलं असतं, ती म्हणाली,
दुपारच्या आत.

प्रोत्साहनाची वाक्यं आम्हाला शिकवलेली असतात.
एकही तोंडात आलं नाही.

मग तिनं सुरी माझ्या उजव्या हातात दिली
आणि वर आपला डावा ठेवला.
आडवी धर. जोर नको.
काटा सांगेल कुठं जायचं.
मला काही सांगितलं नाही काट्यानं.
मी शेपटाकडे पार भरकटले.
काय हात आहेत गं तुझे, ती म्हणाली,
कुणी बांधून ठेवले होते का?
आणि हसली, अर्ध्याच तोंडानं,
पण पुरेशा आवाजात;
पलीकडच्या खोलीतली नर्स डोकावून गेली.

दुसरी बाजू. उलटव.
पुन्हा.

अहवालात लिहिलं :
चहा – तपासला नाही.
उभं राहणं – चौदा मिनिटं, आधाराशिवाय,
तिच्या किंवा माझ्या लक्षातही न येता.
पुढे आणखी एक ओळ लिहिली, खोडली.

परतीच्या बसला गर्दी होती.
तीन वेळा साबणानं धुतले होते हात.
तरी सगळा रस्ताभर
माझ्या शेजारची जागा रिकामी.